पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येते : शॉकॲब्झॉर्बर बदलण्याआधी काय तपासावे?

जुळे सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी २०१६ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक गाडी असून ती आतापर्यंत ८४ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या दीड महिन्यापासून पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येतो. तीन ठिकाणी दाखवल्यावर तीन वेगळी निदाने मिळाली, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आवाज शब्दांत सांगणे अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. शेंगाची चटणी कुटून झाल्यावर बत्ता आतच ठेवून रिकामा खल उचलून नेला, तर जसा हलका, सुटा खडखडाट होतो, तसा तो आहे. आमच्या वसाहतीतला रस्ता जलवाहिनीसाठी खोदून ओबडधोबड बुजवलेला आहे आणि त्यावरून ताशी १५ ते २५ किलोमीटरच्या वेगाने जाताना हा आवाज हमखास येतो. वेग चाळीसच्या पुढे गेला की तो ऐकू येत नाही. आश्चर्य म्हणजे मोठ्या गतिरोधकावरून गाडी सरळ नेली तर तो जवळजवळ येतच नाही. शॉकॲब्झॉर्बर खराब असता, तर आवाज आधी तिथेच यायला हवा होता, असे मला वाटते.

याशिवाय दुसरा एक आवाज आहे. सकाळी फाटकातून गाडी मागे घेऊन ब्रेक दाबला की एकदाच ‘ठक्’ असे होते आणि ते कानापेक्षा पायाच्या तळव्याला जास्त जाणवते. सहा महिन्यांपूर्वी असाच ‘ठक्’ येत होता, म्हणून दोन्ही बाजूंचे लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) नवे बसवून घेतले होते. त्यानंतर जेमतेम तीन महिने गाडी शांत राहिली.

पहिल्या गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकॲब्झॉर्बर माउंटिंगसह (वरच्या रबरी बैठकीसह) बदलण्याचा साडेअकरा हजारांचा अंदाज दिला आहे. दुसऱ्याने स्टिअरिंगच्या रॅककडे, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याकडे बोट दाखवले. तिसऱ्याने ‘गाडी जुनी झाली, आवाज करणारच’ असे सांगून चहा पाजला. आई दर पौर्णिमेला तुळजापूरला जाते आणि घाटात गाडी मीच चालवतो. त्यामुळे खर्चापेक्षा मला या गोष्टीची काळजी जास्त वाटते की हा आवाज केवळ त्रासदायक आहे की धोक्याचाही आहे. एवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

होटगी रोडवरून (प्रतिसाद)

तुमच्या वर्णनातच अर्धे निदान झालेले आहे. सरळ गतिरोधकावर आवाज येत नाही, हे निरीक्षण सर्वांत मोलाचे आहे, कारण बहुतेक लोक नेमके तेवढेच सांगायचे विसरतात.

पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारी एक वाकवलेली लोखंडी सळई असते, तिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. ती दोन्ही टोकांना लिंक रॉडने शॉकॲब्झॉर्बरशी किंवा लोअर आर्मशी जोडलेली असते. सरळ गतिरोधकावर दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर उचलली जातात, त्यामुळे या सळईला पीळ बसत नाही आणि लिंक रॉडवर फारसा जोर येत नाही. उलट खोदून बुजवलेल्या रस्त्यावर एक चाक वर आणि दुसरे खाली अशी क्षणाक्षणाला अदलाबदल होत असते. लिंक रॉडच्या टोकाच्या छोट्या बॉल जॉइंटमध्ये (खोबणीत गोळी फिरणाऱ्या सांध्यात) झीज झाली असेल, तर तो प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी आपटतो आणि तुमच्या खलबत्त्यासारखा आवाज होतो. चाळीसच्या पुढे तो बंद होतो असे नाही. टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात तो बुडून जातो, एवढेच.

खात्री करण्यासाठी एक चाचणी करावी. रहदारी नसताना त्याच गतिरोधकाच्या टोकाशी गाडी अशी न्यावी की केवळ डावे चाक त्यावर चढेल आणि उजवे सपाट रस्त्यावर राहील. वेग चालण्याइतकाच ठेवावा. आवाज आला तर संशय लिंक रॉडवर आणि सळईच्या बुशवर (तिला धरून ठेवणाऱ्या रबराच्या तुकड्यावर) जातो. दुसरी खूण अशी की खराब रस्त्यावरच्या लांब वळणावर गाडी एका बाजूला कलली की लिंकवर एकाच दिशेने ताण राहतो, ढिलाई भरून निघते आणि आवाज कमी होतो.

मात्र त्याआधी डिकी पूर्ण रिकामी करावी. जॅक, त्याचा दांडा, स्टेपनीचा मधला बोल्ट, मागच्या सीटची कडी आणि नंबर प्लेट हे सर्व हाताने हलवून पाहावे. बंद काचांच्या गाडीत मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. आमच्या गाडीचा ‘सस्पेन्शनचा’ आवाज नंतर सायलेन्सरवरच्या पत्र्याचा निघाला होता, तोही आठशे रुपयांचे बुश विनाकारण बदलून झाल्यावर. टायरमधली हवाही पाहावी. चालकाच्या दाराजवळ जो आकडा लिहिलेला असतो, त्यापेक्षा हवा जास्त भरली असेल तर प्रत्येक खडा आतपर्यंत जाणवतो आणि बारीकशी ढिलाईसुद्धा मोठी वाटू लागते.

जुना फिटर (प्रतिसाद)

मालक, वरच्या सदस्यांनी खडखडीबद्दल जे सांगितले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. फक्त लिंक रॉड तपासण्याची पद्धत चुकली तर चांगला मेकॅनिकही फसतो, म्हणून तेवढे लिहितो. गाडीची एक बाजू जॅकवर उचलली की ते चाक लोंबकळते, सळईला पीळ बसतो आणि लिंकमधली ढिलाई दडून बसते. मग हाताने हलवून पाहणारा ‘लिंक ठीक आहे’ असे सांगून मोकळा होतो. लिंक तपासायची ती गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून. एकाने बॉनेटच्या बाजूने गाडी उजवी-डावी डोलवावी आणि दुसऱ्याने लिंकच्या जॉइंटवर बोटे ठेवावीत. झिजलेला जॉइंट बोटांना टिचकी मारतो. कान फसवतो, बोटे फसवत नाहीत. माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर होते. शेकडो मागांच्या गोंगाटात नेमक्या कोणत्या मागाचे काय बिघडले आहे हे ते लाकडी पट्टीला तळहात लावून सांगत, तीच ही रीत आहे.

आता तुमच्या ‘ठक्’ आवाजाकडे येतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. मागे जाताना ब्रेक दाबल्यावर चाकावरचा जोर नेहमीच्या उलट्या दिशेने येतो. लोअर आर्मचे मागचे मोठे बुश फाटलेले असेल, तर आर्म त्या क्षणी सरकतो आणि तुम्हाला पायाला धक्का जाणवतो. नवे आर्म तीन महिन्यांतच आवाज करू लागले म्हणजे माल हलका असेल, असे कोणीही म्हणेल, आणि तसे असूही शकते. पण त्याआधी मला हे विचारायचे आहे की आर्म बसवताना बुशचे बोल्ट शेवटचे कधी आवळले होते? गाडी जॅकवर असताना, की चाके जमिनीवर टेकल्यावर?

हा प्रश्न विचारण्याचे कारण सांगतो. या बुशमध्ये मधली लोखंडी नळी आणि बाहेरचे कडे यांच्यात रबर चिकटवलेले असते. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळले जाते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर ती लोंबकळलेली स्थिती हीच रबराची ‘आरामाची’ स्थिती ठरते. मग गाडी खाली उतरवली की उभ्या गाडीतसुद्धा रबर कायमचे पिळलेले राहते आणि खड्ड्यात त्याला आणखी पीळ बसतो. असे बुश लवकर फाटते, मग माल कितीही चांगला असो. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीन वेळा दाबून तिला तिच्या नेहमीच्या उंचीवर बसू द्यावे आणि मगच शेवटचा पाना मारावा. ज्या बुशचा बोल्ट उभा असतो, त्याला हा नियम तितकासा लागू पडत नाही; आडव्या बोल्टच्या बुशला मात्र हमखास लागू पडतो. खड्डा किंवा रॅम्प नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम अडचणीचे होते, म्हणून ते टाळले जाते. कामाला वेळ किती मिळतो हे पाहिले तर मी त्या पोरांनाही फार दोष देत नाही.

तपासणी अशी होते. चाक उचलून गाडी घोडीवर (लोखंडी आधारावर) ठेवावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (पाचर) लावावी आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म बुशपाशी हळूच रेटावा. रबरात अर्धचंद्रासारखी चीर उघडलेली दिसली तर निदान झाले. त्याच वेळी टायर वरखाली धरून हलवावे, म्हणजे लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमधला प्ले (ढिलाई) समजतो. मग टायर डावे-उजवे धरून हलवावे, म्हणजे टाय रॉडच्या (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा आणि रॅकचा प्ले समजतो. दोन्हीकडे प्ले जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे; ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो.

तुमच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. लिंक रॉड झिजला तर गाडी वळणावर थोडी जास्त कलते, पण चाक निखळत नाही. बॉल जॉइंटमध्ये किंवा टाय रॉडच्या टोकात प्ले निघाला, तर मात्र ते काम होईपर्यंत तुळजापूरचा घाटच काय, शहरातल्या सात रस्ता चौकापर्यंतही गाडी नेऊ नये, कारण तो जॉइंट सुटला तर चाक वाकडे होऊन गाडी जागच्या जागी बसते आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग राहत नाही.

अक्कलकोट रोड (प्रतिसाद)

मी थोडा वेगळा मुद्दा मांडू इच्छितो. सर्वांनी मिळून शॉकॲब्झॉर्बरला निर्दोष ठरवण्याची घाई होऊ नये. आमच्याकडच्या रस्त्यांवर आणि ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात ८४ हजार किलोमीटर म्हणजे त्याचे बऱ्यापैकी आयुष्य झालेले असते. ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॉल्यांमागे रस्त्याच्या तुटक्या कडेवरून अर्धे चाक खाली उतरवून गाडी चालवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्या बाबतीत तर अधिकच.

तरी तो बदलण्यासाठी पुरावा हवा, हे मान्य आहे. शॉकॲब्झॉर्बरच्या अंगावर धूळ चिकटलेला हलकासा तेलकट थर असेल तर तो चालतो. ओला ओघळ दिसला तर सील गेले आहे. टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवावा. ठरावीक अंतराने उंचवटे आणि खोलगट भाग लागले, तर चाक रस्त्यावर उड्या मारत होते असा अर्थ होतो, अर्थात बॅलन्सिंग बिघडले असले तरी असे होऊ शकते. गाडी एका कोपऱ्यात दाबून सोडण्याची चाचणी सर्वजण करतात, पण तिच्यात पूर्ण निकामी झालेलाच शॉकॲब्झॉर्बर सापडतो.

आणखी एक गोष्ट राहिली आहे. शॉकॲब्झॉर्बरच्या माथ्यावरचा नट ढिला असेल किंवा माउंटिंगचे रबर बसले असेल, तरी हुबेहूब लिंक रॉडसारखीच खडखड येते. बॉनेट उघडून माउंटिंगवर तळहात ठेवावा आणि कोणाला तरी उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे. स्प्रिंग अडखळत फिरली किंवा ‘ठण्ण’ असा आवाज आला, तर माउंटिंगच्या बेअरिंगचे काम आहे. ते खोलण्यासाठी स्प्रिंग दाबून धरावी लागते आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवघेणी दुखापत करते, म्हणून हे काम घरी करण्याचा विचारही करू नये. शॉकॲब्झॉर्बर बदलायचेच ठरले तर पुढची जोडी एकदमच बदलावी; तेवढ्यापुरता तुमच्या पहिल्या गॅरेजचा सल्ला बरोबर आहे.

जुळे सोलापूरकर (प्रश्नकर्त्याचे उत्तर)

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण मधला एक रविवार टायरची हवा आणि डिकी यांतच गेला. दारावर ३३ लिहिलेले असताना चारही टायरांत ४० हवा निघाली. पंपावर ‘टाकी फुल’ म्हणावे तसे ‘हवा फुल’ म्हणण्याची वडिलांची सवय त्याला कारण होती. हवा ३३ वर आणल्यावर गाडी बरीच मऊ झाली, पण खडखड तशीच राहिली.

मग गतिरोधकाच्या टोकाची चाचणी केली. डावे चाक एकटे चढवले आणि पहिल्याच खेपेस खडखड झाली. दोन्ही चाके सरळ नेली तर शांतता. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा तसेच घडले. बॉनेट उघडून माउंटिंगवर हात ठेवला, तिथे काही अडखळले नाही, ओघळही दिसला नाही.

त्यानंतर खड्डा असलेले एक गॅरेज शोधले. मी स्वतः खाली उतरलो आणि भावाने वरून गाडी डोलवली. डाव्या लिंकच्या वरच्या जॉइंटवर बोटे ठेवली, तर फिटर साहेबांनी लिहिले होते तशीच टिचकी बसली. रबराची टोपी फाटून आतले ग्रीस वाहून गेले होते आणि त्याच्या जागी पिठासारखी कोरडी धूळ भरली होती. लिंक सोडवून हातात घेतल्यावर तिचे टोक पडायला आलेल्या दुधाच्या दाताप्रमाणे सगळीकडे झुकत होते. उजवी लिंक घट्ट होती, तरी दोन्ही बदलल्या. खडखड त्याच क्षणी गेली. पुरते समाधान व्हावे म्हणून येताना त्याच खोदलेल्या रस्त्यावरून चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला शेजारच्या काकांनी ‘काय हरवले आहे का?’ असे विचारले.

‘ठक्’ आवाजाचे निदानही अगदी तसेच निघाले. डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला टॉमी लावताच अर्धचंद्राकृती चीर उघडली, उजव्या बाजूला तशीच चीर सुरू झालेली होती. दोन्ही बोल्ट आडवेच आहेत. बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके घट्ट होती, त्यामुळे आर्म तसेच ठेवून फक्त बुश प्रेसवर काढून नवी बसवली. मेकॅनिकने सवयीप्रमाणे गाडी हवेत असतानाच पाना आवळायला घेतला. मी विनंती केल्यावर त्यांना ते आवडले नाही, ‘इतकी वर्षे असेच करतो’ असेही ते म्हणाले. मग मी जुन्या बुशमधल्या नळीची आणि फाटलेल्या रबराची दिशा त्यांना दाखवली. ते थोडा वेळ ते बुश हातात फिरवत राहिले, काही न बोलता त्यांनी गाडी खाली उतरवली, बॉनेटवर दोन्ही हात टेकवून ती तीनदा दाबली आणि खड्ड्यात उतरून बोल्ट आवळले.

दोन्ही लिंक १३०० रुपये, बुश, प्रेस आणि मजुरी मिळून २१०० रुपये आणि अलाइनमेंट ४०० रुपये, असा एकूण ३८०० रुपये खर्च झाला. परवा आईला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो. घाटात उतरताना ब्रेकवर काहीही जाणवले नाही. आता एकच शंका उरली आहे. नवी बुश जास्त काळ टिकावीत म्हणून त्यांना ग्रीस किंवा तेल लावावे का?

जुना फिटर (प्रतिसाद)

मालक, ग्रीस लावू नका आणि तेल तर मुळीच नको. साधे रबर खनिज तेलाने फुगते, मऊ पडते आणि मग चिरते. बुश चुईचुई करू लागले तर सिलिकॉनचा फवारा चालतो, तोही गरज पडली तरच.

यावरून एक विचारायचे राहिले. धुलाई केंद्रावर गाडी धुतल्यानंतर खालून डिझेलचा किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारून घेता का? गंज लागू नये म्हणून बरेच लोक तो आवर्जून मागतात.

जुळे सोलापूरकर

होय. आर्म बदलल्यावर महिन्याभरातच दिवाळी आली होती आणि तेव्हा शंभर रुपये जास्त देऊन मीच तो मारून घेतला होता.

जुना फिटर

मग दोष एकट्या पान्याचा नाही. या आठवड्यात साध्या शाम्पूच्या पाण्याने खालचा भाग धुऊन घ्या, पाण्याचा जोरदार फवारा रबराच्या टोप्यांवर जवळून मारू देऊ नका आणि हजारएक किलोमीटर झाल्यावर, गाडी चाकांवर उभी असतानाच, आर्मच्या बोल्टांवर आणि लिंकच्या नटांवर एकदा पाना लावून पाहा.